रविवारपर्यंतची मुदत

उपासक-उपासिकांनो, कॉलनीतल्या बंधू-भगिनींनो,

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर अजून जागा आहे. शोकसभेला विहारात एवढी माणसं मावेनात म्हणून बाहेर मांडव घालावा लागला. पहिल्या पाळीची माणसं घरी न जाता तशीच कारखान्याच्या कपड्यांत आली आहेत. दिंडोरीकडची आली आहेत, नाशिक रोडची आली आहेत. शांतामावशीने ही गर्दी पाहिली असती तर एवढंच म्हणाली असती, की आधी रांग लावा.

मला बोलायची सवय नाही. मी कारखान्यात स्टोअरला असतो. लोक खिडकीतून वस्तू मागतात, मी देतो. त्यात भाषणाची वेळ येत नाही. पण माझ्याआधी जे बोलले ते ऐकून मला उठावंच लागलं. सगळे म्हणाले, मावशी सगळ्यांना धरून होती, तिने कधी कोणाला दुखावलं नाही.

मंडळी, हे खरं नाही. मावशीने दुखावलं आहे. मला दुखावलं. माझ्या आईला दुखावलं. पोटच्या पोराला दुखावलं. आणि आम्ही तिघंही आज इथे पहिल्या रांगेत बसलो आहोत. ते का, एवढंच सांगतो आणि बसतो.

मी तिला लहानपणापासून 'ए मावशी' म्हणत आलो. इथेही तसंच बोलणार. मोठ्यांनी राग मानू नये. आणि यात तिच्या विलासचीही गोष्ट येणार आहे. विलास, मी सकाळी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "सांग. नाहीतर आईचं अर्धंच सांगशील." बरोबर? मान हलवतो आहे. ठीक.

नव्या पोरांसाठी सांगतो. सातपूरला कारखाने उभे राहत होते तेव्हा ही कॉलनी वसली. मावशीच्या नवऱ्याने पिठाची गिरणी टाकली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. लोकांना वाटलं, गिरणी विकून बाई माहेरी जाणार. मावशीने पदर खोचला आणि मोटर सुरू केली. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनची ती लाल मिलो ज्वारी आपण सगळ्यांनी तिच्याकडेच दळली. ती ज्वारी घशाखाली उतरत नव्हती, पण दळताना मावशी सांगायची, बारीक दळते, पोरांना कळणार नाही. पोरांना कळायचंच, पण तिने सांगितलं म्हणून आम्ही खायचो.

गिरणीत दोन कायदे होते. आधी गव्हाचे डबे, मग ज्वारी, मग बाजरी. मध्ये कोणी कितीही मोठा माणूस आला तरी बाजरीवाल्याने थांबायचं. आणि दुसरा, गिरणीत बोलायचं तर ओरडून. आवाजच एवढा, दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते आपल्या कॉलनीत कधी लपून राहिलं नाही. आणि म्हणूनच स्थळाची चौकशी करायला आलेला माणूस सरळ गिरणीत यायचा.

ही चौकशी कशी असते, तुम्हाला माहीत आहे. मुलीचा बाप किंवा मामा येतो. कोणाला न सांगता येतो. त्याला वाटतं, आपल्याला कोणी ओळखलं नाही. पानाच्या टपरीवर थांबतो, नळावर पाणी मागतो, उगाच पत्ता विचारतो. आणि तो बसमधून उतरल्या उतरल्या सगळ्या लाइनीला कळलेलं असतं, की कोणाच्या तरी पोराला बघायला आला.

त्या चौकशीला उत्तर द्यायचीही एक रीत आहे. मुलगा चांगला असेल तर म्हणायचं, "डोळे झाकून द्या." चांगला नसेल तर गप्प बसायचं. "आम्हाला काय माहीत बाबा, आपण बरे नि आपलं काम बरं," एवढं म्हटलं की समोरचा समजतो आणि पुढची बस पकडतो. म्हणजे बघा, आपल्यात गप्प बसणं हेसुद्धा सांगणंच असतं. हे लक्षात ठेवा. मावशीची सगळी अडचण इथेच होती.

आता माझं सांगतो. मला आकडी येते. फीट म्हणा, मिरगी म्हणा. आज हे माइकवरून म्हणताना काही वाटत नाही. तेव्हा घराबाहेर हा शब्दसुद्धा काढायची चोरी होती. वडील नव्हते. घरात आई आणि मी. आई सोडून ही गोष्ट ठाऊक होती ती फक्त मावशीला. कारण एकदा ऐन दुपारी, डबा घेऊन उभा असताना, मी तिच्या गिरणीतच पडलो. मावशीने मोटर बंद केली. रांगेतल्या बायकांना बाहेर काढलं. मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली रिकामं पोतं दिलं आणि बसून राहिली. मी शुद्धीवर आलो तेव्हा बाहेर ती सांगत होती, "काही नाही गं, उन्हाने चक्कर आली. उपाशी फिरतात पोरं."

म्हणजे मावशी खोटं बोलतच नव्हती, असं कोणी म्हणू नका. बोलायची. माझ्यासाठीच बोलली होती.

पुढे मी कारखान्यात लागलो. लेथवर. हात चांगला बसला होता, सुपरवायझर कौतुक करायचा. फक्त अजून कायम झालो नव्हतो. आणि तेवढ्यात दिंडोरीकडचं एक स्थळ आलं. मुलगी पाहून आलो. मुलगी मला आवडली. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत म्हणतो आहे. माझ्या बायकोला ठाऊक आहे, ती तिकडे हसते आहे बघा.

मुलीचे वडील म्हणाले, आम्ही जरा विचारपूस करू. आणि माझी आई, कमलबाई, ठसक्यात म्हणाली, "करा की. कुठंबी करा. आमच्या गिरणीवाल्या शांताबाईला विचारा. ती म्हणाली चांगला, तर चांगला. ती म्हणाली वाईट, तर देऊ नका पोरगी."

आईनेच सांगितलं. कारण मावशी आणि आई सख्ख्या बहिणींसारख्या. भाजीची वाटी इकडून तिकडे गेल्याशिवाय दोघींना घास जायचा नाही. आईला वाटलं, हे काम तर झालंच.

तर एके दिवशी सकाळी हे गृहस्थ गिरणीत हजर. धोतर, टोपी आणि हातात बाजरीची पिशवी. आता मला सांगा, दिंडोरीहून सातपूरला कोणी दळण आणतं का? वाटेत काय कमी गिरण्या आहेत? पण त्यांना वाटलं, आपण मोठे हुशार. मावशीने त्यांना रीतसर थांबवलं, "गहू चालू हाय, बाजरी शेवटी." ते थांबले. शेवटी नंबर आला तेव्हा त्या आवाजात त्यांनी ओरडून विचारलं, "कमलबाईचा पोरगा कसा हाय हो?"

अख्ख्या रांगेने ऐकलं. आणि मावशीने मोटर बंद केली.

मी तिथे नव्हतो. पण जे होते त्यांच्याकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की मला तो पट्टा थांबताना दिसतो. बायका म्हणतात, त्या शांततेत पहिल्यांदाच आम्हाला समोरच्या झाडावरचे कावळे ऐकू आले.

आता तुम्ही मावशीच्या जागी उभे राहा. खरंच राहा. तुम्ही काय केलं असतं? "डोळे झाकून द्या" म्हटलं, तर एका पोरीला फसवलं. जी पोर उद्या लग्न करून याच लाइनीत येणार, याच गिरणीत डबा घेऊन उभी राहणार, आणि पहिल्याच महिन्यात नवरा जमिनीवर पडलेला बघून किंकाळी फोडणार. सगळं सांगितलं, तर बहिणीसारख्या मैत्रिणीचा विश्वासघात. पोराचं लग्न जाणार, कदाचित नोकरी जाणार. आणि गप्प बसावं म्हटलं, तर ती सोयच नव्हती. गप्प बसणं म्हणजे सरळ नाही म्हणणं. त्यातून तर लोक काय काय अर्थ काढणार. पोरगा दारुडा आहे, चोर आहे, बाहेरचं काही आहे.

मावशी त्यांना नळाजवळ घेऊन गेली आणि म्हणाली, "पोरगा चांगला हाय. दारू नाय, जुगार नाय, आईला जीव लावतो. मी त्याला लहानाचा मोठा होताना पाह्यलंय. पण एक गोष्ट हाय. ती माझी नाय, त्याची हाय. ती तो तुम्हाला सांगंल. येत्या रविवारी या." मग परत आली, मोटर सुरू केली आणि त्यांची बाजरी दळून दिली.

संध्याकाळी मी कामावरून आलो तर मावशी आमच्या घरात बसलेली. आई भिंतीला टेकून. मावशीने जे केलं ते सांगितलं आणि मला म्हणाली, "रविवारपर्यंत वेळ हाय तुला. तू सांग. तुझ्या तोंडून गेलं तर तुझा मान राहील. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

आई काय काय बोलली, ते या ठिकाणी सांगता येणार नाही. एवढं आठवतं, "हजार खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, म्हणतात लोक. तुला एक खोटं बोलवलं नाय? माझ्यासाठी नाय?"

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी उन्हाची चक्कर म्हणालीस ना? मग आज काय झालं?"

ती म्हणाली, "त्या खोट्यानं कुणाचं काय गेलं रे? ह्या खोट्यात एक पोर जाती."

आई म्हणाली, "ती पोर तुझी कोण लागती?"

मावशी म्हणाली, "कोणीच नाय. म्हणून तर. तिच्या बाजूनं बोलायला इथं कोण हाय?"

मग आईने तिला दार दाखवलं. शब्दशः दाखवलं, हात करून. आणि मी अडवलं नाही. मलाही तेच हवं होतं.

रविवार आला. ते गृहस्थ आले. मुलीचे मामाही आले. मी त्यांना सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी सांगितलं ते धैर्याने वगैरे नाही. मावशी सांगणारच आहे हे माहीत होतं म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा घेतला. सभ्य माणसं होती. जाताना मुलीचे वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, तू सांगितलंस, बरं केलंस. पण माझी पोरगी हाय रे." आणि गेले. लग्न मोडलं.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. गोष्ट कारखान्यात पोचली. कशी पोचली, कोणी पोचवली, मी शोधलं नाही. मला लेथवरून काढलं आणि स्टोअरला बसवलं. कायमही उशिरा केलं. माझ्याबरोबरचे पुढे गेले, मी खिडकीत राहिलो. आता कोणी म्हणेल, बरंच झालं की, लेथवर आकडी आली असती तर? आली असती का? मला माहीत नाही. लेथवर तोवर तरी आली नव्हती. मला माझा लेथ आवडायचा. तो गेला, आणि मावशीच्या खरेपणापायी गेला. आजही कोणी हे फिरवून चांगलं करून सांगू लागलं की मला राग येतो. खऱ्याची किंमत कोणीतरी देतं. त्या वेळी ती मी दिली, मावशीने नाही. हे मी तिच्या तोंडावरही बोललो आहे. ती म्हणाली होती, "हो रे बाबा. खरं हाय."

पण मावशीने काहीच दिलं नाही असंही नाही. दुसऱ्या दिवसापासून आईचा डबा गिरणीतून गेला. आई पार वरच्या लाइनीपलीकडच्या गिरणीत जायला लागली, डोक्यावर डबा घेऊन, मुद्दाम मावशीच्या दारावरून. तिचं बघून आणखी काही घरं गेली. आपल्याच लाइनीतली. नावं घेत नाही, बसली आहेत इथे. ज्यांच्या घरात लग्नाची पोरं होती, ती जास्त करून गेली. आणि गंमत बघा, ज्यांच्या घरात लग्नाच्या पोरी होत्या त्यांनी डबा हलवला नाही.

बरीच वर्षं असं चाललं. मावशी रस्त्यात दिसली की आई तोंड फिरवायची. वंदनेला विहारात दोघी यायच्या, पांढरी साडी नेसून, आणि दोन टोकांना बसायच्या. पंचशील दोघीही म्हणायच्या, त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, तेही. एकदा घरी येताना आई मला म्हणाली, "चौथं शील काय एकटीनंच पाठ केलंय का तिनं? म्हणायचं वेगळं असतं आणि घर चालवायचं वेगळं." आईचं हे म्हणणं मी टाकाऊ समजत नाही. आई आपल्या माणसासाठी खोटं बोलली असती, आणि अशी आपली माणसं होती म्हणूनच आपण या गावात तगलो. हेही खरंच आहे ना?

मग विलास लग्नाचा झाला. आणि विलास प्यायचा. नव्या पगाराबरोबर लागलेली सवय. लाइनीला माहीत होतं. नाशिक रोडहून एक घर त्याची चौकशी करायला आलं. आता गिरणीत तर विचारता येईना, गिरणी मुलाच्याच घरची. तेव्हा कोणीतरी त्यांना आमचं दार दाखवलं. दाखवणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगायला नको.

मी घरातच होतो. मनात म्हटलं, झालं. आज सगळं वसूल होणार. आईने त्यांना पाणी दिलं, खाली बसवलं, आणि म्हणाली, "विलास ना? सोन्यासारखा पोरगा. डोळे झाकून द्या."

ते खूश होऊन गेले. मी म्हटलं, "आई, हे काय? तो पितो हे तुला माहीत नाही?"

आई म्हणाली, "माहीत हाय. पण तिलाबी कळू दे, मैत्रीण कशी असती."

मंडळी, हा सूड होता की माया होती, मला आजवर समजलेलं नाही. मी आईला विचारलंही नाही. बहुतेक दोन्ही असावं.

मावशीला हे कळलं. तिने विलासला बसवलं आणि म्हणाली, "रविवारपर्यंत वेळ हाय तुला." तेच शब्द. विलासने सांगितलं नाही. त्याला वाटलं, माझ्यासाठी तरी आई मागे सरेल. पोटचा पोरगा आहे. सोमवारी सकाळी लोक डबे घेऊन आले तर गिरणीला कुलूप. मावशी पांढरी साडी नेसून बसमध्ये बसून नाशिक रोडला गेली होती. त्या घरी जाऊन तिने सांगितलं, "माझा पोरगा पितो. मनानं वाईट नाय. सुटंल असं मला वाटतं. पण सुटलेली नाय. आता तुम्ही ठरवा." त्यांनी ठरवलं.

विलास त्या रात्री घर सोडून गेला. पुष्कळ महिने आला नाही. मावशी गिरणी चालवायची आणि जेवायची नाही, हे शेजारच्यांनी सांगितलं.

त्या सोमवारी आई वरच्या गिरणीतून येत होती. मावशीच्या दाराला कुलूप बघून थांबली. "गिरणी का बंद?" असं तिने बायकांना विचारलं. कळल्यावर घरी आली, डबा खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "येडीच हाय ती बाई." आणि जरा वेळाने म्हणाली, "पण दोन्हीकडं सारखी येडी हाय."

लोकांनी मावशीबद्दल आज खूप चांगलं चांगलं म्हटलं. पण तिच्याबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य माझ्या न शिकलेल्या आईने उंबऱ्यावर बसून म्हटलं आहे.

पुढच्या दळणाला आईने डबा भरला. मी उचलायला गेलो तर म्हणाली, राहू दे. स्वतः घेऊन गेली. रांगेत उभी राहिली. बाजरी होती, म्हणून सगळ्यांच्या मागे. लोक बघत होते, आता रडणं होईल, गळ्यात पडणं होईल. कसलं काय. नंबर आल्यावर आई म्हणाली, "जाड दळ." मावशी म्हणाली, "तुझी बाजरी कधी बारीक दळली का मी?" आई म्हणाली, "दळली होतीस, दिवाळीत." झालं. तिथून पुढे दोघी भांडल्या त्या फक्त पिठावरून.

मी मावशीला एकदा विचारलं, विलास परत आल्यानंतर. म्हटलं, मावशी, पस्तावा होतो का? ती गिरणीचं जातं टाकीत होती, दगडाच्या झिजलेल्या खाचा छिन्नीने पुन्हा पाडत होती. टाकीचे घाव घालता घालता म्हणाली, "तुझ्या आईचा डबा रांगेत दिसायचा नाय, तेव्हा रोज व्हायचा. विलास गेला तेव्हा तर विचारू नको. पण पस्तावा झाला म्हणजे चुकलं, असं थोडंच असतं?"

मी यावर पुष्कळ विचार केला. शाळेत आपल्याला शिकवतात की खरं एका बाजूला आणि खोटं दुसऱ्या बाजूला. तसं असतं तर कोणाला कसलाच त्रास नव्हता. इथे मैत्रीही खरी होती आणि ती पोरही खरी होती. एकाला धरलं की दुसरं हातून सुटणारच. मावशीने जे सुटलं त्याच्याकडे बघणं कधी सोडलं नाही, आणि जे धरलं ते स्वतःच्या घराच्या दारातही सोडलं नाही.

माझं लग्न पुढे झालं. रजनीच्या घरी मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, कोणी मुदत न देता. तिने एकटीने विचारलं, "मग आकडी आली की काय करायचं असतं?" पण कृपा करून कोणी असं म्हणू नका, की बघा, शेवट गोड झाला, म्हणजे मावशी बरोबर होती. शेवट गोड झाला नसता तरी तिने तेच केलं असतं. विलासची दारू सुटली आहे. मावशी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "आज सुटली हाय." तोही आता तसंच म्हणतो.

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मावशी गेल्यावर गिरणी बंद आहे, हे तुम्ही पाहताच. परवा सकाळी मी तिकडून जात होतो. बंद दारासमोर एक गृहस्थ उभे. बाहेरगावचे. हातात बाजरीची पिशवी. मी बघताच ओळखलं. म्हटलं, पाहुणे, गिरणीवाल्या मावशी गेल्या. त्यांचा चेहरा पडला. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, तिथं खरं सांगतात. आता कुणाला विचारायचं?"

मग त्यांनी मलाच विचारलं. आपल्याच कॉलनीतल्या एका मुलाचं नाव घेतलं. मुलगा चांगला आहे. माझ्या डोळ्यांसमोर वाढला आहे. त्याच्या बापाने माझ्यासाठी कारखान्यात शब्द टाकला होता, मी आज नोकरीत आहे तो त्यामुळे. आणि त्या मुलाची एक गोष्ट आहे, ती मला ठाऊक आहे. काय ते मी सांगणार नाही. कोणी अंदाजही करू नये.

मंडळी, मावशीवर मी इतकी वर्षं रागावलो होतो, पण ती कुठे उभी होती हे मला परवा त्या बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. "डोळे झाकून द्या" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आईचे शब्द. प्रेमाचे शब्द. ते गिळायला मला फार जड गेलं.

मी म्हटलं, "मुलगा चांगला आहे. रविवारी या."

काल संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी जाऊन रविवारचं सांगून आलो. मला दार दाखवलं नाही, पण चहाही विचारला नाही. ते घर आज या सभेला आलं आहे. आलं नसतं तरी मी समजून घेतलं असतं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नये. एरवी या वेळेला गिरणीचा आवाज असायचा. मावशीने पट्टा थांबवला की आपण सगळे कान टवकारायचो, आता ती काय बोलणार म्हणून. आज तिच्यासाठी तसेच थांबू या.

शांतामावशी, तुला माझं वंदन. रविवार परवा आहे.